उल्काचे नर रातांबे

सून म्हणून मी मुळ्यांच्या घरात आले तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की नणंद एकच आहे आणि तीही लवकरच जाईल. जाईल म्हणजे लग्न होऊन जाईल. नणंद काही गेली नाही. उलट घरात पानं आली. फ्रिज उघडला की दुधाच्या पातेल्याच्या वर, बर्फाच्या कप्प्यात, रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या झाडाची, पानं. प्लॅस्टिकच्या लहान लहान पिशव्या आणि प्रत्येकीवर शाईनं नंबर. लाइट गेले की सगळं घर आधी पंख्याकडे बघतं, आमचं घर फ्रिजकडे धावायचं. मला आइस्क्रीम लावायची फार हौस होती. ती पाच-सहा वर्षं तशीच राहिली.

उल्का माझ्या नवऱ्याची, देवदत्तची, धाकटी बहीण. नात्यानं माझ्याहून लहान, वयानं थोडी मोठी, त्यामुळे आमचं भांडण बरोबरीचं व्हायचं. एमेस्सीला विद्यापीठात नंबर काढलेली मुलगी. गावातल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, पण तासिका तत्त्वावर. हे तत्त्व ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. मे महिन्यात तुम्ही मुळी नसताच, आणि जूनमध्ये अर्ज करून पुन्हा जन्म घ्यायचा. असे दोन-तीन जन्म झाल्यावर प्राचार्यांनी तिला बोलावून सांगितलं की कायमची जागा निघणार आहे, तुम्ही तेवढी पीएच.डी. करून ठेवा, मग तुम्हाला कोण डावलतो ते बघू. ह्या एका वाक्याच्या जोरावर उल्कानं अठ्ठ्याण्णव साली मुंबईला नाव नोंदवलं. डॉक्टर झालं की जागा, आणि जागा झाली की बाकीचं सगळं, असं आमच्या घरात ठरून गेलं. माझे सासरे गोपाळकृष्ण मुळ्ये, म्हणजे अण्णा, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. सरकारी वाक्यावर त्यांचा देवावर असतो तसा विश्वास.

विषय मुंबईच्या सरांनी दिला. सरांनी आयुष्यात रातांब्याचं झाड पाहिलेलं नव्हतं, कोकम सरबताची बाटली तेवढी पाहिली होती. पण विषय मात्र चांगला होता, हे मलासुद्धा कळलं. रातांब्यात नर आणि मादी अशी वेगळी झाडं असतात. फळ धरतं ते फक्त मादीला. बी रुजून रोप वर आलं की ते कोण निघणार हे कळायला सहा-सात पावसाळे जावे लागतात, फुलं येईपर्यंत. तोवर पाणी घाला, गुरांपासून राखा, आणि शेवटी निम्मी झाडं नर निघतात. उल्का ते नुसत्या पानावरून सांगणार होती. पानातून डीएनए काढायचा, तो यंत्रात घालून वाढवायचा, मग खळीसारख्या एका थरातून विजेवर पळवायचा. पळताना त्याच्या रेघा पडतात. त्यात नराकडे आहे आणि मादीकडे नाही अशी एक रेघ सापडली की झालं. मग वीतभर रोपाचं पान तपासून सांगता येईल की हे ठेव, हे उपट.

एवढा सरळ विषय, पण चारचौघांत सांगायची चोरी. अण्णा पाहुण्यांना "कोकमावर संशोधन" एवढंच सांगायचे. पाहुणे विचारायचे, कोकमाचं आगळ काय भावानं देता? स्थळं यायची तीही ह्या वळणावर अडायची. सावर्ड्याहून आलेल्या एका मुलाच्या वडलांनी ह्याला सबसिडी किती मिळते असं विचारलं. पुण्याच्या एका स्थळानं मात्र खरोखर रस घेतला, आणि उल्कानं त्यांना झाडांचं लैंगिक जीवन पहिल्यापासून समजावून दिलं. त्यांनी पोहे अर्धे टाकले. आणि एकदा आमच्या गल्लीतल्या एक बाई सुनेला घेऊन मागच्या दारानं आल्या. सून गरोदर. तुमची उल्का म्हणे आधीच ओळखते, असं म्हणाल्या. उल्का एवढी संतापली की तिचा आवाज बारीक झाला. म्हणाली, "मला फक्त झाडांचं कळतं, आणि तिथे सगळ्यांना मुलगीच हवी असते." बाई गेल्या. सून जाताना उल्काकडे बघून हसली, ते मी पाहिलं.

आता पानावरून ओळखायचं तर आधी ओळखीचे नर आणि ओळखीच्या माद्या पाहिजेत. बागायतदारांकडे रातांबे कलमाचे, जवळजवळ सगळ्या माद्या. बियांवरून आपसूक वाढलेली, दोन्ही जातींची झाडं माझ्या माहेरी होती. माझं माहेर राजापूर तालुक्यात, अर्जुना नदीच्या वरच्या अंगाला. आमच्या घरापासून खाली उतरलं की कुणब्यांची वाडी, आणि वाडीतली रातांब्याची सगळ्यात जास्त झाडं चिमावहिनीच्या ताब्यात. दगडी गडग्याला लागून, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठानं, कोणी न लावता उगवलेली. चिमावहिनीचा नवरा शिवा मुंबईला एका छापखान्यात, गणपतीला आणि मे महिन्याच्या सुट्टीत येणार. बाकी वर्षभर शेत, गुरं, सासू आणि रातांबे हिच्या गळ्यात. मे महिन्यात ती रातांबे फोडून सोलं वाळवायची, रस खारवून आगळ काढायची, आणि राजापूरच्या बाजारात घालून पावसाळ्याची बेगमी करायची. आमची दोघींची तिनं मोठ्या आनंदानं सोय केली. माहेरवाशीण आणि तिची नणंद, म्हणजे कोंबडीचं अंडं आणि घावन ठरलेलं.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत, झाडं फुलावर असताना, उल्का शिडीवर चढून भिंगातून एकेक फूल बघायची. मधोमध इवलासा गोळा दिसला की मादी, नुसताच पिवळा झुबका दिसला की नर. मादीला तांबडी पट्टी बांधायची, नराला निळी. तांबडी पट्टी बाजारातून आणली. निळी म्हणजे माझी लग्नातली नायलॉनची साडी, जी मला कधीच आवडली नव्हती आणि जिचं विज्ञानासाठी बलिदान द्यायला मी लगेच तयार झाले.

वाडीनं ह्या पट्ट्यांकडे फार गंभीरपणे पाहिलं. कोकण रेल्वे नुकतीच कुठे धावायला लागली होती. तिच्या वेळेला आधी खुणा झाल्या, मग माणसं आली, मग जमिनी गेल्या आणि मग पैसे मिळाले, हे सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं. वाडीतले धोंडू म्हणून एक म्हातारे होते, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की तांबड्याला किती मिळणार आणि निळ्याला किती. मी सांगितलं, काही मिळणार नाही, हा अभ्यास आहे. त्यांनी मान डोलावली, आणि वाडीत जाऊन सांगितलं की रक्कम अजून ठरलेली नाही. त्याचा फायदा असा झाला की दोन वर्षं एकाही पट्टीच्या झाडाला कोणी कोयता लावला नाही. सरकारनं राखली नसती इतकी ती झाडं राखली गेली.

तिकडे मुंबईच्या प्रयोगशाळेत उल्काचं काही जमेना. रातांब्याच्या पानात आंबटपणा आणि चीक इतका की डीएनए म्हणून हातात यायचा तो तपकिरी लगदा. पुस्तकात लिहिलं होतं की पांढरे स्वच्छ धागे दिसतील. उल्का कॉलेजच्या सुट्टीत मुंबईला जाऊन परत आली की मी विचारायची, दिसले का धागे? ती म्हणायची, फणस कापल्यावर विळीला जे लागतं ना, ते दिसलं. एकदा तिनं सांगितलं की शेजारच्या टेबलावरची मुलगी भातावर काम करते, तिचं सहा महिन्यांत झालं, भात कसा शहाणा असतो. आम्ही कोकणातले, आमची झाडंसुद्धा कोणाला चटकन काही देत नाहीत, असं मी म्हटलं. ती हसली नाही. नोंदणीची मुदत चालली होती, कॉलेजात दर जूनला नवा जन्म चालला होता, आणि प्राचार्य भेटले की म्हणायचे, झालं का, जागा आता निघेलच.

शेवटी पानं वाटण्याआधी काय करायचं, कोणतं मीठ किती घालायचं हे तिचं तिनंच शोधून काढलं, आणि ताजी पानं आणायला दोन हजार एकच्या जानेवारीत आम्ही पुन्हा वाडीवर गेलो. पट्ट्या उन्हानं विटल्या होत्या, त्या तिनं नव्या बांधल्या. चिमावहिनी शिडी धरून उभी होती. दोन वर्षांत तिनं काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"मॅडम, ह्या निळ्याला कदीच धरायचं नाय?"

उल्का शिडीवरून खाली उतरली. तिच्या संशोधनाबद्दल कोणीतरी बरोबर प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. घरात आम्ही विचारायचो ते जागेचं, सर विचारायचे ते रेघांचं. हिनं झाडाचं विचारलं. उल्कानं फूल तोडून तिच्या तळहातावर ठेवलं, भिंग दिलं, मधला गोळा नाही म्हणजे फळ होणारच नाही हे दाखवलं. चिमावहिनी म्हणाली की हा पऱ्याकडचा सासऱ्याच्या वेळेपासून आहे, औंदा नाय तर पुढल्या वर्साला धरंल म्हणून ठेवलाय. उल्का म्हणाली, "जन्मात धरायचा नाही." इतकं ठाम बोलताना मी तिला त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. परत येताना एसटीत ती भलतीच खूश होती. म्हणाली, ह्या बाईला कॉलेजात बसवलं तर आमच्या अर्ध्या वर्गापेक्षा हुशार निघेल.

त्या वर्षी गणपतीच्या सुमाराला रेघ सापडली. नरांच्या रांगेत आहे, माद्यांच्या रांगेत नाही. तिचा फोटो उल्कानं घरी आणला. काळ्यावर पांढऱ्या रेघा, आणि एका रेघेला पेन्सिलीनं बाण. अण्णांनी तो आरतीच्या तबकाशेजारी ठेवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. बऱ्याच लोकांना तो अण्णांच्या गुडघ्याचा एक्स-रे वाटला आणि त्यांनी तेलं सुचवली. सर मात्र फोटोवर समाधान मानणारे नव्हते. म्हणाले, त्याच झाडांची नवी पानं आणा, पुन्हा करून दाखवा, तरच प्रबंध पुढे जाईल. मुदत संपायला फार दिवस नव्हते. पण झाडं कुठे जाणार होती?

दोन हजार दोनच्या जानेवारीत आम्ही वाडीवर उतरलो तेव्हा चिमावहिनी आम्हाला घ्यायला वरच्या वाटेपर्यंत आली. चेहरा कसा उजळलेला. आल्या आल्या तिनं पडवीतली लाकडाची रास दाखवली. नीट फोडलेली, रचलेली, आणि मधूनमधून फांद्यांना माझी निळी साडी.

मे महिन्यात मुंबईची माणसं आली होती, त्यांच्या हातून तिनं आपले सगळे नर तोडून घेतले होते. जन्मात धरायचा नाही तो ठेवून काय करायचा? इतकी वर्षं उगीच जागा अडवून बसले होते. तिचं बघून शेजाऱ्यांनी तोडले. धोंडूंनी थोडे दिवस तग धरला, पण रक्कम येत नाही असं दिसल्यावर त्यांनीही तोडले. आख्ख्या वाडीत नर म्हणून राहिला नाही. उल्काच्या शास्त्राचा प्रसार सरकारच्या कुठल्याही योजनेपेक्षा जलद झाला होता, आणि चिमावहिनी तर तिला त्याबद्दल मनापासून धन्यवाद देत होती. पुढल्या पावसाळ्याचं सरपण झालं म्हणाली.

उल्का त्या राशीजवळ खाली बसली. चिमावहिनी घाबरून पाणी आणायला आत गेली. मला माझ्या नणंदेची एवढी दया त्याआधी कधी आली नव्हती. चार वर्षं डोळ्यांसमोर फोडून रचलेली होती आणि वर बांधलेली पट्टी आमच्याच घरातली. मला वाटलं संपलं. पीएच.डी. गेली, जागा गेली, आता अण्णांना काय सांगायचं ते एसटीत ठरवू.

पण उल्का उठली आणि खुंटांकडे गेली. पऱ्याकाठच्या त्या जुन्या नराचा खुंट पावसानंतर फुटला होता. बुंध्याशी तांबूस कोवळे धुमारे, हातभर उंच. ती बघत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं ते तिनं मला जवळजवळ रडतच सांगितलं. फुलांची गरजच नव्हती. खुंट तोच, झाड तेच, डीएनए तोच, आणि आपलं सगळं संशोधन आहे ते पानावरून ओळखायचंच. तिनं भराभर धुमाऱ्यांची पानं खुडली, थर्मासात बर्फ भरून आणला होता त्यात घातली. चिमावहिनीला मिठीच मारली. चिमावहिनीला काही कळलं नाही, पण पोरीचं रडणं थांबलं ह्यानं तिलाही बरं वाटलं. आम्ही घावन खाल्लं आणि दुपारच्या गाडीनं परतलो.

पुढचं सगळं मग गाडी रुळावर आल्यासारखं झालं. रेघ पुन्हा तिथेच पडली. प्रबंध मुदतीच्या आत गेला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी विचारलं की शेतकऱ्याला ह्याचा उपयोग काय, आणि उल्कानं उत्तर दिलं की त्याला नर झाडं वेळीच काढून टाकता येतील. सगळ्यांनी माना डोलावल्या. उल्का डॉक्टर झाली. अण्णांनी दारावरची पाटी बदलली, मोठी केली, त्यात देवदत्तचं नाव थोडं आत गेलं. मी बर्फाचा कप्पा रिकामा करून घासला आणि दुसऱ्याच दिवशी आइस्क्रीम लावलं.

दोन हजार चारच्या मे महिन्यात उल्का म्हणाली, पहिले पेढे चिमावहिनीला. मला ते फार आवडलं. आम्ही गेलो तेव्हा ती पडवीत रातांबे फोडत बसली होती. मे महिन्यात तिच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडे लाल सडा. त्या दिवशी पुढ्यात एक सूप होतं आणि तेही अर्धं. पेढा हातात घेऊन तिनं सहज सांगितलं की हल्ली रातांबे धरतच नाहीत. फुलं येतात आणि गळतात. पहिल्या वर्षी ढग आले म्हणून असेल असं वाटलं. दुसऱ्या वर्षीही तेच, तेव्हा वाडीनं देवीला गाऱ्हाणं घातलं, नारळ दिला, कोंबडा दिला. औंदा तर वरच्या रानातून वारा येतो त्या बाजूची दोन झाडं धरली, बाकी नाहीच. ती गेल्या पावसाळ्यात मोलानं भात लावायला दुसऱ्यांच्या शेतावर गेली होती. हेही तिनं सहजच सांगितलं.

मी उल्काकडे बघितलं. तिनं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला होता.

"नर तोडलेत म्हणून गळतात," ती म्हणाली. "नराच्या फुलातला पराग किडे घेऊन येतात, तो मादीच्या फुलाला लागला तर फळ धरतं. दहा माद्यांमागे एक तरी नर लागतो."

चिमावहिनीनं कोयती खाली ठेवली. मग म्हणाली, "आमचं सगळ्यांचं घोव मुंबैला. वर्साला दोनदा तोंड दावतात. त्यांना कोन तोडत नाय, नि बिचाऱ्या झाडांना तोडलं मी." मला हसू आलं. उल्काला आलं नाही. मग चिमावहिनीनं विचारलं, "ह्ये तुला तवा ठावं व्हतं?"

"होय."

"मग का नाय बोललीस?"

उल्काच्या प्रबंधात हे पहिल्याच प्रकरणात, पहिल्याच पानावर होतं. ते लिहिताना, तपासताना, बांधून घेताना तिच्या डोळ्यांखालून किती वेळा गेलं असेल देव जाणे. हे तिनं नंतर मला एसटीत सांगितलं. तिथे ती एवढंच म्हणाली, "मला तेव्हा माझ्या पानांचं पडलं होतं, वहिनी. तुमचे रातांबे माझ्या मनातच आले नाहीत."

चिमावहिनीनं पेढा तोंडात टाकला, चावून खाल्ला, पदराला हात पुसला. "वाडीला ह्ये तूच सांगायचं," ती म्हणाली. "मी नाय सांगनार. मी सांगितलं तर माजंच नाव व्हईल."

त्यामुळे डॉक्टर उल्का मुळ्ये ह्यांची खरी तोंडी परीक्षा देवीच्या देवळात झाली. मे महिना, मुंबईची माणसं आलेली, सगळी गावकी हजर. उल्का खांबाला टेकून उभी राहिली आणि तिनं पहिल्यापासून सांगितलं. पट्ट्या कशाला बांधल्या, चिमावहिनीला काय सांगितलं, काय सांगायचं राहिलं. चूक माझी, असं दोनदा म्हणाली. मुंबईच्या परीक्षकांपुढे ती जेवढी घाबरली नव्हती तेवढी इथे घाबरली होती. शिवा, चिमावहिनीचा नवरा, मान खाली घालून बसला होता, कारण कोयता त्यानंच चालवला होता. धोंडू म्हाताऱ्यांनी प्रश्न विचारला की म्हणजे देवीचा काही राग नव्हता? उल्का म्हणाली, नव्हता. मग आमचा कोंबडा फुकट गेला काय, असं त्यांनी विचारलं.

मला वाटलं आता दंड होईल, निदान चार शब्द सुनावतील. मी मनातून तयारी करून बसले होते, कारण माहेर माझं होतं. पण गावकीनं मुद्द्याचंच विचारलं. आता काय करायचं? उल्कानं सांगितलं की खुंटांचे धुमारे दरवर्षी भाताच्या राबाला जाळायला तोडता ते तोडू नका. शेळ्यांपासून राखा. तीन-चार वर्षांत फुलावर येतील. ठरलं. आणि ठरल्यावर सदू गुरव म्हणाले की एवढं ठरलंय तर देवीच्या कानावर घालायला हवं. उल्कानं नारळ ठेवायचा. माझी नणंद, जी घरच्या गणपतीच्या आरतीलासुद्धा टाळ्या वाजवत नाही, नारळ घेऊन पुढे झाली.

गाऱ्हाणं घालताना गुरव विचारतात, तुझं स्वतःचं काय मागणं? उल्का नारळाची शेंडी नीट करत राहिली. तेव्हा मागून चिमावहिनी बोलली. "तिची कालेजात जागा निघायची हाय. कायमची." ही गोष्ट तिला मीच कधीतरी घावन खाताना सांगितलेली असणार. गुरवांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. आई, ह्या लेकराच्या हातून काय चुकलं-माकलं असंल तर पोटात घे, आणि रातांब्याला फळ दे. सगळी वाडी म्हणाली, व्हय म्हाराजा. आणि हिची जी जागा अडकलेली हाय ती मोकळी करून दे. ज्यांची पावसाळ्याची बेगमी हिच्या एका शब्दानं बुडाली होती ती सगळी माणसं मोठ्यानं म्हणाली, व्हय म्हाराजा. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. उल्काही म्हणाली. ओठ हलताना मी पाहिले.

नारळाचा तुकडा खाऊन आम्ही परत आलो. त्या जूनमध्ये कॉलेजातून कळलं की सरकारनं भरती थांबवली आहे, आणि शिवाय वनस्पतिशास्त्राला आता मुलं येत नाहीत. मुलांना जैवतंत्रज्ञान पाहिजे. म्हणून कॉलेजनं त्याचा विनाअनुदान विभाग काढला, आणि डॉक्टर झालेली एकुलती एक उल्काच असल्यामुळे तिला विभागप्रमुख केलं. तासिका तत्त्वावर. दारावर पितळी पाटी, खोलीला पंखा, आणि मे महिन्यात विभागप्रमुख अस्तित्वात नाही. दर जूनला ती आपल्याच विभागात नेमणूक व्हावी म्हणून अर्ज करते आणि विभागप्रमुख म्हणून त्यावर शिफारस लिहिते. अण्णा म्हणतात, प्रक्रिया चालू आहे.

तिच्या रेघेचं पुढे काय झालं म्हणाल तर ती एका इंग्रजी मासिकात छापून आली, आणि दोन-तीन जणांनी तिचा उल्लेख केला. रोपाचं पान घेऊन आजवर एकही शेतकरी उल्काकडे आलेला नाही. लोक मादीची कलमं लावतात, सोबत एखाददुसरं नराचं, आणि मोकळे होतात. वाडीत मात्र धुमारे राखले गेले. ज्या शेळ्या कोणाच्या बापाला भीत नाहीत त्यांच्यापासून राखले गेले, काट्यांची कुंपणं घालून. उल्का दर थंडीत एकटीच एसटीनं जायची, बघून यायची, कोणाला काही सांगायची नाही. चौथ्या थंडीत पऱ्याकडच्या खुंटाला पिवळे झुबके आले. आणि दोन हजार आठच्या मे महिन्यात चिमावहिनीच्या पडवीत पुन्हा पाय ठेवायला जागा नव्हती.

मी आणि उल्का दोघी कोयती घेऊन फोडायला बसलो. बोटं लाल झाली. चिमावहिनीनं आगळाची मोठी बाटली भरून आमच्या पिशवीत घातली आणि हात धुता धुता विचारलं, "तुजी जागा निघाली काय गो?"

उल्का म्हणाली, नाही.

चिमावहिनीचा हात पाण्यातच थांबला. तिला खरोखर वाईट वाटलं होतं, आणि त्याहून जास्त काहीतरी खटकलं होतं. रातांब्यांचं देवीनं ऐकलं, मग हे कसं राहिलं?

"आमचंच कायतरी सांगायचं ऱ्हायलं असंल," ती म्हणाली.